देवळाच्या वाटेचे काँक्रीट आणि चार ठिकाणचे पाणी
(भाषणाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हटला की सर्वांची नजर प्रथम कळसाकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. कळस लांबून दिसतो, गाभारा जवळून दिसतो आणि सभामंडपाच्या फरशीवर देणगीदाराचे नाव कोरलेले असते. पण ज्या वाटेने म्हातारी माणसे काठी टेकीत दर्शनाला येतात, ज्या वाटेने पालखी निघते, लग्नाची वरात देवाच्या पाया पडायला येते, त्या वाटेकडे मात्र शेवटी लक्ष जाते. तेही उरल्यासुरल्या पैशात आणि घाईगर्दीत. त्याचा परिणाम गावोगावी पाहावयास मिळतो. दिवाळीत केलेले काँक्रीट पुढच्या श्रावणात पोपडे धरते, दुसऱ्या पावसाळ्यात खडी उघडी पडते आणि तिसऱ्या वर्षी त्या वाटेने अनवाणी चालवत नाही. नव्याचे नऊ दिवस, अशी गत होते.

यात नुसते पैशाचेच नुकसान नाही. ज्याने शेतमाल विकून किंवा पगारातून वाचवून वर्गणी दिली, त्याच्या दारात पुन्हा पावतीपुस्तक घेऊन जाताना कार्यकर्त्यांची मान खाली जाते. वाट फुटली की पुढच्या कामावरचा विश्वासही फुटतो. म्हणून काँक्रीटची वाट टिकाऊ कशी करावी, हा विषय गवंड्याचा किंवा ठेकेदाराचा एकट्याचा नसून सर्व गावाचा आहे.

कोणी म्हणेल की, काँक्रीटच मुळात या हवेत टिकत नाही. तसे म्हणता येणार नाही. मावळ तालुक्यातूनच जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. २००२ साली तो पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. लोणावळ्याचा मुसळधार पाऊस आणि रात्रंदिवस चालणाऱ्या अवजड गाड्या सोसत, वेळोवेळी डागडुजी होत, तो आजही काम देत आहे. मुंबईचा मरीन ड्राइव्हचा रस्ता १९४० च्या सुमारास काँक्रीटचा झाला आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत कित्येक दशके टिकला. अमेरिकेत ओहायो राज्यातील बेलफाँटेन या लहानशा गावी १८९१ साली जॉर्ज बार्थोलोम्यू या गृहस्थाने काँक्रीटचा रस्ता करून दाखविला. गावकऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना. तेव्हा त्याने सिमेंट स्वतः दिले आणि रस्ता पाच वर्षे टिकेल, अशी पाच हजार डॉलरची हमी लिहून दिली. पाच वर्षांची गोष्ट तर सोडाच. त्या गावचा काँक्रीटचा जुना रस्ता शंभर वर्षे उलटून गेल्यावरही दाखविला जातो.

सिमेंट तेच, खडी तीच, वाळूही तशीच. मग एक रस्ता पिढ्यान् पिढ्या टिकतो आणि दुसरा दोन पावसाळ्यांत का फुटतो? याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ते ‘पाणी’ असे आहे. काँक्रीट पाण्यानेच बनते आणि पाण्यानेच बिघडते. चार ठिकाणचे पाणी ज्याला सांभाळता आले, त्याची वाट टिकली असे समजावे. ती चार ठिकाणे म्हणजे काँक्रीटच्या खाली, काँक्रीटच्या आत, काँक्रीटच्या वर आणि काँक्रीटच्या कडेला.

पहिले पाणी खालचे. मावळात काळी माती पुष्कळ. ही माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतले तर खालची जमीन वर-खाली होते, काँक्रीट मात्र वाकत नाही, ते तडकते. म्हणून काळी माती आणि गाळ खरवडून काढावा. त्या जागी चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने पसरावा, पाणी शिंपडून रोलरने दाबावा. जेथे रोलर पोहोचत नाही तेथे धुमस वापरावा. त्यावर खडीचा चार ते सहा इंचांचा थर देऊन तोही दाबून घ्यावा. मुरूम एकदम फूटभर टाकून वरून रोलर फिरविला, तर वरचा भाग घट्ट आणि खालचा पोकळ राहतो.

दाबणी झाली की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. भरलेल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर त्या वाटेवरून सावकाश न्यावा आणि एका माणसाने चाकाकडे पाहत मागून चालावे. जेथे चाक रुतेल किंवा जमीन लवलवेल, तेथे खुणेला चुना टाकावा व तेवढी जागा उकरून पुन्हा भरावी. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ते चुकविले तर पुढे त्याच जागी काँक्रीट बसते.

नळाचे पाइप, विजेची केबल, सांडपाण्याची नळी, जे काही वाटेखालून न्यावयाचे असेल ते आधी टाकून घ्यावे. पुढे लागतील म्हणून दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवावेत. त्यांचा खर्च थोडा असतो. चांगले झालेले काँक्रीट नळजोडणीसाठी फोडावे लागते, तेव्हा त्या जागेचा सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

उंचीचेही आधीच ठरवावे. दर वेळी जुन्या थरावर नवा थर चढविल्याने अनेक गावांत वाट देवळाच्या उंबऱ्याच्या वर गेली आणि पावसाचे पाणी सभामंडपात शिरू लागले. जीर्णोद्धारावर लाखो रुपये खर्चून असे होऊ देऊ नये. जुना थर काढावा. पायरी बुजवू नये.

दुसरे पाणी आतले, आणि सर्वांत अधिक नुकसान याच्यामुळे होते. सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होऊन त्याचा दगड बनतो; म्हणूनच ते पाण्याखालीसुद्धा घट्ट होते. पन्नास किलोच्या एका गोणीला या संयोगासाठी सुमारे बारा लिटर पाणी पुरते. काँक्रीट हलविता-पसरविता यावे म्हणून त्याहून अधिक घालावे लागते. तरीही गोणीमागे पंचवीस लिटर ही मर्यादा समजावी. तिच्यावरचे प्रत्येक घमेले काँक्रीटचा घात करते. कारण जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे सोडून जाते. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर काँक्रीटची ताकद अवलंबून असते, हे डफ अब्रॅम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ साली प्रयोगांनी दाखवून दिले. गोणीमागे नुसते पाच लिटर पाणी वाढले तरी ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने उतरते. पातळ काँक्रीट पसरविण्यास सोपे, म्हणून मजुरांना ते आवडते. त्यात त्यांना दोष देता येत नाही. काम जड असते. पण मिक्सरपाशी पाण्याची मोजकी बादली आणि ती मोजणारा गावचा माणूस असलाच पाहिजे. पावसात भिजलेल्या वाळूतच गोणीमागे दोन-तीन लिटर पाणी असते. तेवढे बादलीतून कमी करावे.

मालाच्या प्रमाणाचा हिशेबही गावाला ठाऊक असावा. दुचाकी, मोटार, ट्रॅक्टर आणि पायी येणारे भाविक यांच्या वाटेसाठी एकास दीड, दीडास तीन या चालीचे, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी असे काँक्रीट चालते. यालाच एम-२० म्हणतात. मालट्रक रोज येणार असतील तर एम-३० लागते आणि त्याचे प्रमाण अभियंत्याकडून ठरवून घ्यावे लागते. माप घमेल्याने घेऊ नये. कोणी घमेले शिगोशीग भरतो, कोणी अर्धे भरतो. एका गोणीतील सिमेंट पस्तीस लिटर भरते. म्हणून पस्तीस लिटरची लाकडी पेटी करावी. एका गोणीला वाळूच्या दीड पेट्या आणि खडीच्या तीन. ओली वाळू फुगते व पेटीत कमी बसते, हेही ध्यानात असावे.

शंभर फूट लांब, दहा फूट रुंद आणि सहा इंच जाड वाट धरली तर पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास काँक्रीट होते. त्याला सुमारे ११५ गोण्या सिमेंट, दोन ब्रासहून थोडी अधिक वाळू आणि सव्वाचार ब्रास खडी लागते. काम संपल्यावर रिकाम्या गोण्या मोजाव्यात. त्या ऐंशीच भरल्या तर प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक वर्गणीदाराला आहे. सिमेंट ताजे असावे. गोणीवर महिना छापलेला असतो. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. नदीची वाळू आता दुर्मीळ झाली आहे; तिच्या जागी दगड दळून केलेली वाळू चालते, परंतु ती धुतलेली असावी, तिच्यात दगडाची भुकटी फार नसावी. खडीची चिंता मावळाला नाही. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली आणि सुमारे दोन हजार वर्षे उभी आहेत, त्याच जातीचा दगड या भागातील खाणींत फुटतो. मातीने माखलेली खडी मात्र धुतल्याशिवाय वापरू नये.

तयार काँक्रीटची गाडी मागविली तर माप-जोखाची कटकट वाचते. तेथेही दोन गोष्टी पाहाव्यात. चलनावर काँक्रीटची प्रत आणि गाडी भरल्याची वेळ असते. भरल्यापासून दोन तासांच्या आत माल उतरला पाहिजे. आणि घट्ट वाटतो म्हणून गाडीत जागेवर पाणी घालू देऊ नये. भरलेली गाडी पंचवीस टनांच्या आसपास असते. गावातील जुने मोरीचे पाइप तिच्याखाली दबणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी.

जाडीच्या बाबतीत काटकसर अंगाशी येते. सहा इंचांऐवजी चार इंच केले तर माल एक तृतीयांश वाचतो. पण वाकण्यास विरोध करण्याची ताकद निम्म्याहूनही कमी होते. कारण ती जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते: सहाचा वर्ग छत्तीस, चाराचा सोळा. म्हणून पैसे कमी पडत असतील तर जाडी कमी करण्यापेक्षा लांबी कमी करावी. शंभर फूट पातळ वाटेपेक्षा सत्तर फूट पक्की वाट बरी. उरलेली तीस फूट पुढच्या वर्षी होते.

काँक्रीट आकसताना तडकणारच. तो त्याचा धर्म आहे. शहाणपण एवढेच की, कोठे तडकायचे हे माणसाने ठरवावे. दर दहा-बारा फुटांवर आडवा सांधा ठेवावा. कटरने कापावयाचा असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये म्हणतात ते खरे आहे. कडा न तुटता कापता येऊ लागताच दोन इंच खोल काप द्यावा. कटर नसेल तर एकाआड एक गाळे ओतावेत. पुढे सांध्यात डांबर भरावे, म्हणजे पाणी खाली उतरत नाही. देवळाच्या दगडी जोत्याशी मात्र काँक्रीट कधीही भिडवू नये. उन्हाने ते फुगते आणि जुन्या दगडांना रेटते. शिवाय जमिनीतील ओल कोंडून भिंतीत चढते. जोत्याभोवती फूटभर पट्टा मोकळा ठेवून त्यात खडी भरावी. पारावरच्या पिंपळाभोवतीही चार फूट माती उघडी राहू द्यावी. झाडालाही पाणी लागते.

तिसरे पाणी वरचे. आत पाणी जितके कमी, तितके वर अधिक, हा नियम लक्षात ठेवावा. काँक्रीट ओतल्यानंतर त्यातील पाणी उन्हाने आणि वाऱ्याने उडून गेले तर सिमेंटचा संयोग अर्धवट राहतो आणि वरचा थर भुकटीसारखा सुटतो. सात दिवसांत काँक्रीटला सुमारे दोन तृतीयांश ताकद येते, अठ्ठावीस दिवसांत ठरलेली ताकद येते. त्यांपैकी पहिले चौदा दिवस पृष्ठभाग एक तासही कोरडा पडता कामा नये. सकाळ-संध्याकाळ नळीने फवारा मारला म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे. दुपारी बारा वाजता ते पुन्हा कोरडे होते. मावळात भातकाढणीनंतर पेंढ्याला तोटा नसतो. ओल्या गोणपाटावर पेंढ्याचा जाड थर पसरावा आणि तो सतत भिजता ठेवावा. इंजिनियरच्या पुस्तकात याहून फार वेगळे काही सांगितलेले नाही.

ओतण्याचा काळही त्यासाठीच नीट निवडावा. वैशाखात ऊन कडक आणि विहिरीला पाणी कमी. ज्येष्ठात पाऊस केव्हा गाठील याचा नेम नाही. दिवाळी उरकल्यावर हवा थंड असते आणि विहिरी भरलेल्या असतात. सुदुंबऱ्यात मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला श्रीसंताजी जगनाडे महाराजांच्या पुण्यतिथीला भाविकांची गर्दी होते. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास काँक्रीट ओतले तर पुण्यतिथीपर्यंत चाळीसहून अधिक दिवस हाती राहतात आणि वाट पूर्ण ताकदीने यात्रेकरूंच्या पायांखाली येते. मुहूर्तासाठी किंवा पाहुण्यांच्या सोयीसाठी पाचव्या दिवशी गाड्या सोडणे म्हणजे पी हळद आणि हो गोरी. अठ्ठावीस दिवस अवजड गाडी सोडू नये. दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधावेत.

चौथे पाणी कडेचे. पाऊस वाटेवर थांबता कामा नये. दहा फूट रुंदीला अडीच इंच उतार द्यावा. तो देवळापासून दूर जाणारा असावा. फळ्या बसवितानाच पाणसळीने उतार तपासावा, कारण ओतल्यावर तो दुरुस्त होत नाही. उताराच्या कडेला गटार हवेच. आणि ते पुढे नाल्यापर्यंत गेलेले हवे. कोणाच्या अंगणात सोडलेले गटार म्हणजे वर्षानुवर्षांचे भांडण. वाटेची कड उघडी राहिली तर पाणी खालचा मुरूम धुऊन नेते व कड अधांतरी राहून तुटते. म्हणून दोन्ही बाजूंना मुरुमाची फूट-दोन फूट साइडपट्टी दाबून घ्यावी.

पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. ओतल्यावर थोड्या वेळाने वर पाणी सुटते. ते जिरेपर्यंत थापी लावू नये आणि ते लवकर सुकावे म्हणून कोरडे सिमेंट तर मुळीच भुरभुरवू नये. पोपडे धरतात ते यानेच. पाणी जिरल्यावर रंध्याने सारखे करून खराटा आडवा फिरवावा. त्या बारीक रेघांवर ओल्या पावसात अनवाणी पाय घसरत नाही. देवळाची वाट म्हाताऱ्या माणसांसाठी आहे, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

हे सर्व ठेकेदारावर सोपवून गावाने निर्धास्त बसावे का? काँक्रीटचा गुण असा की, ते खालचे सारे झाकून टाकते. मुरूम किती इंच टाकला, किती दाबला, पाणी किती घातले, हे वरून कोणालाच दिसत नाही. म्हणून झाकण्यापूर्वी पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे, हाच एक मार्ग आहे. सरकारी कामाला मोजमाप पुस्तिका असते. लोकवर्गणीच्या कामालाही एक साधी वही असावी. तीत तारीख, थराची जाडी, गोण्यांची संख्या, गोणीमागे पाण्याच्या बादल्या, पाणी मारणाऱ्याचे नाव, एवढे रोज लिहावे व दोघांनी सही करावी. ओतण्याच्या दिवशी पंधरा सेंटिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवावेत आणि अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून पाहावेत. बार्थोलोम्यूने हमी दिली तशी हमी ठेकेदाराकडूनही लेखी घ्यावी व बिलाचा काही भाग दोन पावसाळे पाहून मगच द्यावा. यात अविश्वास नाही; चोख काम करणाऱ्या ठेकेदाराचेही त्यात रक्षण आहे.

तुकोबारायांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले, त्या संताजी महाराजांची समाधी ज्या गावात आहे, त्या गावाला लिहून ठेवण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

शेवटी एकच व्यावहारिक सूचना. देणगी देणे सर्वांना सारखेच जमत नाही. पण चौदा दिवस पेंढा ओला ठेवणे कोणालाही जमते. आळीवार पाळ्या लावाव्यात. एका दिवशी एक आळी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ज्याच्या नावे पावती फाटली नाही, त्याचेही नाव मग त्या वहीत येईल, आणि ती वाट त्याचीही होईल. वाट पूर्ण झाल्यावर ती वही देवळाच्या कपाटात जपून ठेवावी. वीस वर्षांनी पुन्हा कोणी हे काम हाती घेईल, तेव्हा खाली काय आहे हे त्याला उकरून पाहावे लागणार नाही.

॥ राम कृष्ण हरि ॥